दोन्हीकडून एकच सूर

लिहायला बसले आहे खरी, पण मी हे लिहावं का, असं पहिल्या ओळीपासून वाटतं आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील हिंगोलीला टायरची पंक्चरं काढतात, आई शाळेत खिचडी शिजवते. माणसांची चित्रं शब्दांत काढणं हे ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटं असतात त्यांचं काम, अशी माझी समजूत आहे. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं ते माझे घरमालक होते. त्यांच्या टेबलावर मी दोन वर्षं जेवले. तरी मनात आहे ते बरं नाही, आणि ते मी लिहिणार आहे. तेव्हा वाचणाऱ्यांनी माफ करावं. काकांनी माफ करण्याचा प्रश्नच नाही, कारण ते वाचत नाहीत. वाचून मिळवलेलं ज्ञान म्हणजे दुसऱ्याचं उष्टं, असं त्यांचं मत होतं.

काका न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला राहायचे, पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. काकू वृद्धांच्या निवासात नर्स. मला वेलिंग्टनच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता आणि शहरातली खोली परवडत नव्हती, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने मी त्यांच्याकडे आले. काका स्टेशनवर घ्यायला आले ते मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घालून. गवतावर पांढरं दंव पडलेलं होतं. "जय भीम" झालं, बॅग गाडीत टाकली, आणि त्यांनी विचारलं, "टँगो कुठून आला, सांग."

मला वाटलं ट्रेनचं नाव असेल. मी म्हटलं, "माहीत नाही, काका."

"छान. म्हणजे चुकीचं काही माहीत नाही. मुळात..."

त्यांचं प्रत्येक वाक्य 'मुळात'ने सुरू व्हायचं. मुळात न्यूझीलंडमध्ये उन्हाळा नसतोच. मुळात चहात आलं घालणं हा चहावरचा अविश्वास. मुळात टँगो हा नाचच नाही, घर सुटलेल्या माणसांनी एकमेकांना धरून उभं राहण्याची ती एक सोय आहे. हे शेवटचं वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. विसाव्यांदा ऐकताना भाजी गार झालेली असायची.

जेवणाच्या टेबलावर ते टँगोचा जन्म मांडून दाखवायचे. मिठाची बरणी म्हणजे गुलामांच्या वंशजांचे ढोल. लोणच्याची बाटली म्हणजे क्युबाहून बोटीने आलेली एक झुलती चाल. चमचा म्हणजे मैदानातल्या गुराख्यांची गिटार. काटे म्हणजे पोटासाठी इटलीहून आलेल्यांची व्हायोलिनं. पेल्यात उभी केलेली सुरी म्हणजे बासरी. ही सगळी दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या नदीकाठच्या बंदरात येऊन भेटली, हे सांगताना ते सगळं आपल्या ताटाभोवती ओढून घ्यायचे, आणि मग आम्हाला ना मीठ मिळायचं ना चमचा. त्यानंतर बासरी जायची, गिटार मागे पडायची, दह्याचं पातेलं डबल बास म्हणून यायचं, पाण्याचा जग पियानो व्हायचा. सगळ्यात शेवटी, दोन्ही हातांनी, ते पोळ्यांचा डबा मध्यभागी ठेवायचे.

"आणि हे बँडोनियन. आल्यावर काय झालं? चाल संथ झाली. उड्या मारणारं गाणं खाली बसलं आणि रडलं."

"अहो, त्या रडणाऱ्यातल्या दोन पोळ्या द्या," काकू म्हणायच्या. "आणि डबल बासमधलं दही हिला वाढा. हिची सकाळची ट्रेन आहे."

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बँडोनियन ही एक चौकोनी पेटी असते. दोन्ही बाजूंना बटणं, मध्ये घड्यांचा लांब भाता. खुर्चीवर बसून, मांडीवर कापड टाकून, ती दोन्ही हातांनी ओढायची आणि मिटायची. गरीब चर्चना ऑर्गन परवडत नाही म्हणून जर्मनीत बनली आणि देवाऐवजी टँगोच्या कामी आली. काकांचं सगळं प्रेम या एका गोष्टीवर होतं, कारण आपली पेटीही अशीच युरोपातून आलेली आणि आपल्याकडे येऊन भजनाला बसलेली. "सख्ख्या बहिणी," ते म्हणायचे. "आतून एकच. धातूची पातळ पट्टी, म्हणजे रीड, आणि वारा. एक आपल्याकडे दिली, एक तिकडे दिली."

त्यांना पेट्या दुरुस्त करता यायच्या, हे खरं आहे. वेलिंग्टनपासून वरपर्यंत ज्याच्या घरी पेटी बिघडली तो ती अप्पर हटच्या त्या गॅरेजमध्ये आणून द्यायचा. भीमगीतांचा ग्रुप, गणपतीवाले, गुरुद्वारावाले, सगळे. काका पेटी घेताना आधी गिऱ्हाइकाचा अपमान करायचे, मग पेटीचा. "ही वाजवता की हिच्यावर टायपिंग करता?" लोक हसून सोडून द्यायचे, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. मला तेव्हाच हे कळायला हवं होतं, की ज्याच्याशिवाय लोकांचं अडतं त्याला आपण नेहमी बरोबर असतो असं वाटू लागतं.

एकदा जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, आणि काकांनी माइक घेऊन टँगो काढला. काकूंनी पदर तोंडावर घेतला. पण मध्येच ते म्हणाले, "या गाण्याला आधी त्यांच्याच शहरातल्या मोठ्या घरांनी दारं लावली होती. पॅरिसचे लोक त्यावर नाचायला लागले, तेव्हा तीच घरं म्हणाली, हे तर आमचंच." मागे खुर्च्या लावणारेसुद्धा हात थांबवून ऐकायला लागले. त्या एका क्षणी मला वाटलं की या माणसाजवळ काहीतरी आहे. पण ते तिथे थांबले नाहीत. ते रीडच्या जाडीवर गेले, मग भात्याच्या चामड्यावर, आणि शेवटी कुणाच्या तरी मुलीने येऊन "काका, फूड इज रेडी" म्हणत माइक काढून घेतला.

समोरच्या घरात एक आजी राहायच्या. माँटेव्हिडिओच्या, म्हणजे टँगोच्या त्याच नदीच्या एका काठावरच्या. नवऱ्याबरोबर तरुणपणी इकडे आल्या, नवरा लोकरीच्या गिरणीत लागला आणि शनिवारी बँडोनियन वाजवायचा. तो वारला त्याला बरीच वर्षं झाली होती. वाद्य आजींकडे राहिलं. आजींना संगीत येत नव्हतं. पण नवऱ्याने शेवटच्या आजारपणात त्यांना एक धून शिकवली होती. सूर म्हणून नव्हे, बोटं म्हणून. हे बटण, ओढ. हे बटण, मिट. एवढी एकच त्यांना यायची. त्याच्या स्मृतिदिनाला दुपारी त्या शेजाऱ्यांना बोलवायच्या, केक कापायच्या आणि ती वाजवायच्या.

माझ्या पहिल्या वर्षी आम्ही तिघं गेलो. आजींनी गुडघ्यावर काळं मखमली कापड टाकलं, त्यावर वाद्य ठेवलं आणि डोळे मिटले. भाता उघडताना आवाज मोकळा यायचा, मिटताना थोडा दबलेला, म्हणजे एकच माणूस आधी बोलतो आणि मग स्वतःलाच उत्तर देतो असं वाटायचं. मला संगीतातलं काही कळत नाही. मला फक्त हिंगोलीचं घर आठवलं आणि केक बशीतच राहिला.

काका समोरच्याच खुर्चीवर होते. ते पहिल्या ओळीपासून बोलत होते. आधी हळू, माझ्या कानात, "हे बघ, डावीकडे जड सूर." मग मोठ्याने, आजींना. मुळात टँगो तुमच्या काठाचा की पलीकडच्या काठाचा, हा वाद निरर्थक आहे, कारण नदी एकच. आजींनी धून संपवली, वाद्याचा पट्टा लावला आणि म्हणाल्या, "माझा नवरा टँगोच्याच गल्लीत जन्मला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं."

"बघा!" काका मला म्हणाले. "मी म्हणतो ते हेच. वाजवणाऱ्याला मूळ माहीत नसतं."

घरी येताना रस्ता ओलांडल्यावर काकूंनी मागे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "किती छान वाजवली हो त्यांनी."

"काय?" काकांनी विचारलं.

पुढच्या वर्षी पावसाळी दिवसांत आजींच्या वाद्याची दोन बटणं अडकायला लागली. त्या स्वतः ते घेऊन दारात आल्या. दोनच बटणं, त्या म्हणाल्या, बाकी काही नको. काकांनी ते असं घेतलं की काकू पुढे आठवडाभर म्हणायच्या, आमची मुलगी झाली तेव्हाही इतकं सांभाळून घेतलं नव्हतं.

अडकलेली बटणं त्यांनी त्याच संध्याकाळी मोकळी केली. तिथे ते थांबले असते तर मला हे लिहावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते जेवणाला आले ते चिडून. "कुणातरी गाढवाने या वाद्याची वाट लावली आहे. प्रत्येक बटणाला ओढताना एक सूर आणि मिटताना दुसरा! प्रत्येक! ओढताना सा आणि ढकलताना ग. हे वाद्य आहे की सरकारी कचेरी?"

मी आदल्या महिन्यात लायब्ररीत या वाद्याबद्दल वाचलं होतं, तेही त्यांच्याच नादाने. मी घाबरत म्हटलं, "काका, ते तसंच असतं. एका बटणाला दोन सूर. बनवतानाच तसं बनवतात."

"कोण बनवतं?"

"जर्मन लोक."

"आणि जर्मन माणूस असलं काही करेल?" त्यांनी पोळी खाली ठेवली. "तू पंप बघ त्यांचे. पाणी एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं जातं का?"

मी फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. कुणी म्हातारे गृहस्थ वाजवत होते. काकांनी चष्मा लावून पूर्ण पाहिला, आणि मला वाटलं सुटलो. ते म्हणाले, "बघ, बघ. बिचारा ओढतानाच वाजवतोय. मिटताना पटकन हवा सोडून मोकळा होतोय. का? कारण मिटताना बिघडलेलं आहे. यांच्या सगळ्यांचीच वाद्यं बिघडलेली आहेत, आणि कुणाच्या लक्षात नाही."

"अहो, ती वाचून सांगतेय," काकू म्हणाल्या.

"तिने वाचावं. मी दुरुस्त करतो."

मी आणखी एकदा बोलले, गॅरेजच्या दारात उभी राहून. आजींना आधी विचारा तरी, एवढंच म्हटलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "कॉलेजात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला छापलेलं सगळं खरं वाटतं," ते म्हणाले. "होतं असं. निघून जाईल." ते वाक्य मी हिंगोलीला फोनवर कधी सांगितलं नाही.

तो सगळा हिवाळा त्यांनी गॅरेजमध्ये काढला. हीटर पायाशी, कानात इअरफोन, हातात बारीक कानस. रीड टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. फार उतरवायचा तर टोकावर डागाचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, ठिपका द्यायचा. पेटी लावणारा हेच करतो आणि त्यांचा हात त्यात चांगला होता. ओढतानाचे सूर त्यांनी तसेच ठेवले. मिटतानाचा प्रत्येक सूर घासून घासून ओढतानाच्या जोडीला आणून बसवला. कामावरून आले की तिकडे, रविवारी दिवसभर तिकडे. गॅरेजमधून एकेक सूर यायचा, तोच, पुन्हा तोच. एखाद्याने हट्टाने एकच शब्द म्हणत बसावं तसा. अशी मेहनत कुठल्या चांगल्या कामाला लागली असती तर, असं मनात यायचं आणि मी अभ्यासाला लागायचे.

झाडांना पालवी फुटली तेव्हा ते वाद्य घेऊन समोर गेले. ब्लेझर घालून. खाली जँडल्स होत्याच. काकूंना आणि मला बरोबर यायला लावलं, कारण कौतुकाला साक्षीदार हवेत.

आजींनी मखमली कापड गुडघ्यावर टाकलं. डोळे मिटले. भाता उघडला, आणि पहिली ओळ आली, तशीच, मोकळी. मग त्यांनी मिटायला घेतला आणि जे आलं ते भलतंच होतं. बेसूर नव्हतं, एवढंच सांगते. स्वच्छ होतं, अगदी लावलेल्या पेटीसारखं. पण ते त्या धुनेचं उत्तर नव्हतं. आजी थांबल्या. आपल्या बोटांकडे पाहिलं. पुन्हा सुरुवात केली, हळू. पुन्हा तिथेच. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"म्हातारी झाले," त्या म्हणाल्या. "बोटं विसरली."

"सराव पाहिजे," काका म्हणाले. "वाद्य आता परफेक्ट आहे."

मी कितीही प्रयत्न केला तरी या वाक्याला माझ्याकडून माफी नाही.

काकू सहसा चारचौघांत त्यांना काही बोलत नसत. त्या उठल्या, आजींच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसल्या, कामावर पेशंटशी बोलतात तशा, आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुमची बोटं नाही विसरली. माझ्या नवऱ्याने आतले सूर बदलले आहेत. बोटं बरोबर आहेत तुमची."

आजींनी काकांकडे पाहिलं. "सगळे?"

"सगळे," काका म्हणाले. त्यांना वाटलं विचारपूस चालली आहे. "एकही सोडला नाही."

आजींनी वाद्याचा पट्टा लावला. मग त्यांनी काकूंचा हात थोपटला आणि विचारलं, चहा कोण घेणार.

घरी काकूंनी चपला काढायच्या आत सांगितलं, "त्या बाईच्या नवऱ्याचा आवाज तुम्ही कानशीने घासून टाकलात."

"सुधारणा केली."

"दोन बटणं सांगितली होती तिने!"

"मुळात लोकांना आपल्याला काय हवंय तेच कळत नाही."

परत पहिल्यासारखं करता येईल का, हे मीच विचारलं. ते म्हणाले, चुकीचं पुन्हा बसवायला मी काय वेडा आहे? पण खरं कारण वेगळं असावं. घासलेला धातू परत येत नाही, आणि आधीचा कुठला सूर कुठे होता हे त्यांनी पाहूनच ठेवलं नव्हतं. बिघाड कोण जपून ठेवतो?

त्या वर्षी स्मृतिदिनाला आजींनी कुणाला बोलावलं नाही. पडदे ओढलेले होते. काका मात्र वाट पाहत राहिले. निरोपाची. गाडी बाहेर काढताना समोर पाहायचे. डेअरीत आजी भेटल्या की दूध सोडून उभे राहायचे. आजी "किया ओरा", म्हणजे इकडचा नमस्कार, म्हणून पुढे जायच्या. "बाईला अजून अंदाज आला नाही," ते आम्हाला सांगायचे. "हात बसला की स्वतः येतील सांगायला." पेटीचं गिऱ्हाईक आलं की त्यालाही ते बँडोनियनची कहाणी सांगायचे, त्यात आता एक पात्र वाढलं होतं, ज्याने जर्मनांची चूक सुधारली. मिठाची बरणी, लोणचं, चमचे, पोळ्यांचा डबा, आणि मग ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे. काकू उठून भांडी घासायला लागायच्या.

मी नंतर वेलिंग्टनला मैत्रिणींबरोबर राहायला गेले. महिन्यातून एखाद्या रविवारी काकूंकडे जेवायला यायचे. काकूंकडे, मुद्दाम म्हणते आहे. एकदा आले तेव्हा त्यांनी भांडी पुसता पुसता सांगितलं, की आजींच्या घरातून कधीकधी दुपारी आवाज येतो. तीच पहिली ओळ, मग थांबणं, मग काहीतरी शोधणं. "मिटतानाचं उत्तर हुडकतायत गं. यांनी लावलेल्या नव्या सुरांत."

"सापडलं का?"

"काय माहीत. यांना विचारलं, ऐकू येतं का, तर म्हणाले, कसला आवाज?"

मागच्या रविवारी आम्ही जेवून उठत होतो तेव्हा बेल वाजली. दारात आजींचा मुलगा होता. ऑकलंडहून आलेला, हातात वाद्याची काळी केस. काकांनी केस पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "आलं!" ते काकूंना म्हणाले. "सांगत नव्हतो? निरोप आला."

मुलगा आत आला नाही. तो म्हणाला, आई गेली. झोपेतच, शांतपणे. काकूंनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं तिने. मी एका वाजवणाऱ्याला दाखवलं. त्याने थोडं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, हे आता ज्याने लावलंय त्यालाच येईल. तेच आईही म्हणायची.

काकांनी दोन्ही हात पुढे करून केस घेतली.

"शुक्रवारी फ्युनरल आहे," मुलगा म्हणाला. "तिची धून तुम्ही वाजवावी, एवढीच तिची इच्छा आहे. दुसरं कुणी वाजवू शकणार नाही."

"मुळात..." काका म्हणाले.

पुढे काही आलं नाही. मी दोन वर्षांत त्या शब्दानंतर काही न आलेलं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू रस्त्यापलीकडच्या पडद्यांकडे पाहत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुठली धून?" त्यांनी विचारलं.

मुलाला प्रश्न समजायला वेळ लागला.

"तीच," तो म्हणाला. "ती म्हणायची, तुम्ही अगदी समोर बसायचात."